पोकलेनवरची चादर

“मग चादर देताय की नाही, बाबा?”

धाकू नाखवानं पुन्हा विचारलं. मागे खाडीकाठी पोकलेन धडधडत उभं होतं. यंत्रावर पीराची हिरवी चादर चढवल्याशिवाय चिखलात भराव टाकायला त्याचा ड्रायव्हर तयार नव्हता.

लतीफ फकीर पीराच्या चौथऱ्यावर दाढी विंचरत बसले होते. त्या दाढीत म्हणे एका खेकड्यानं बिऱ्हाड केलं होतं. खोटं वाटत असेल तर खेकड्याला विचारा.

“घाई कसली, नाखवा?”

“भरती चढली की आजचं काम बुडालं! होड्या रिकाम्या परत येतायत, बाबा. खलाशी सोडून चाललेत. इथे धक्का झाला की मोठी बोट लागेल. लांब जाईन, मासे आणीन. नाहीतर... संपलो मी.”



“आणि खाडी?”

“खाडी कसली? चिखल नुसता! ना धड जमीन, ना धड समुद्र. वर हा कुजका वास.”

फकिरांनी कंगवा खाली ठेवला.

“लेक बाळंत झाली ना तुझी?”

“झाली की. नातू झाला.” धाकू गोंधळला. “त्याचं काय आता?”

“ठेवलीस कुठे तिला?”

“मागच्या खोलीत. वारा लागत नाही तिथे.”

“अंधार असेल.”

“असणारच.”

“वास?”

“धुरीचा, तेलाचा, दुपट्यांचा... बाळंतिणीची खोली ती, बाबा! अत्तराचा येईल होय?”

फकीर उठले. थाळी घेऊन तिवरांच्या झाडांच्या मुळांशी गुडघाभर चिखलात उतरले, तिथलं गढूळ पाणी भरून आणलं आणि थाळी धाकूपुढे धरली.

पाणी हळूहळू निवळलं.

आत काहीतरी वळवळत होतं. काचेसारखं, आरपार. डोळे तेवढे काळे.

“कशाची रे ही?”

“कोळंबीची... पिल्लं.”

“मोठी झाली की कुठे जातात?”

जन्म समुद्रावर गेलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं वळून काठावरच्या रिकाम्या होड्यांकडे पाहिलं. भरतीचं पाणी तिवरांत शिरू लागलं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“बाबा... मग मी करू काय?”

फकिरांनी चादरीची घडी आणली आणि त्याच्या हातांवर ठेवली.

“घे. आधी घरच्या मागच्या खोलीत भराव टाकून ये. मग ही यंत्रावर चढव.”