धुक्याच्या बागेतली तीन कासवं

बकुळाला आई नव्हती. बाबा बांबूच्या टोपल्या विणायचे आणि विकायला आठवडा आठवडा बाहेर असायचे. दरीतल्या ओलसर झोपडीत बोलायला कुणी नसायचं, म्हणून बकुळा चुलीशी बोलायची.

एका दुपारी ती बांबू आणायला रानात गेली आणि एकाएकी सगळी पाखरं गप्प झाली. पांढरंशुभ्र धुकं बाजूला सरलं. समोर एक बाग होती. मोरपिशी फुलं, चंदेरी इवली इवली पानं, पण वास कशालाच नव्हता. गवतात दगडाची एक चिमुकली मुलगी हात पुढे करून बसली होती. तिच्या गालावरचा थेंबही दगडाचाच होता.

"सोबत हवी ना तुला, बाळ?" मऊ आवाज आला. पोपटी पंखांची एक परी उभी होती. तिच्या पायाशी तीन कासवं होती. "यातलं एक घे."

एकाच्या पाठीवर पिवळ्याधमक चांदण्या होत्या. "हे रोज एक माणिक देतं," परी म्हणाली. दुसरं बैलगाडीच्या चाकाएवढं होतं. "याच्या पाठीवर बसणारा म्हातारा होत नाही." तिसरं तळहाताएवढं, तपकिरी, कवचाचा टवका उडालेलं. "हे काहीच देत नाही."

मग ती हळूच म्हणाली, "निवड एकदाच. ज्याला तुझं घर मानवणार नाही, ते मान आत ओढून घेईल. मग तू इथेच राहशील, हिच्यासारखी दगड होऊन."

बकुळाने तिन्ही कासवांकडे पाहिलं. माणकं मिळाली तर बाबा घरीच राहतील, असं तिला वाटलं. तिने चांदण्यांच्या कासवाकडे हात नेला, आणि मधेच थांबवला.

"परीताई, ही खातात काय? झोपतात कुठे?"

परीने वाकून तिच्याकडे पाहिलं. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं. चांदण्यांच्या कासवाला ऊन आणि कोरडी जमीन लागते. मोठ्याला अख्खा माळ. छोटं ओल्या पाचोळ्यात निजतं, गळून पडलेली फळं खातं."

"आमच्याकडे ऊन येत नाही," बकुळा म्हणाली. "चांदण्यांचं आजारी पडेल. मला छोटं दे."

तिने तळवा जमिनीवर टेकवला. छोट्या कासवाने मान आत घेतली. बकुळाची बोटं करडी होऊ लागली, जड झाली. तिने हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने एक इवलंसं नाक बाहेर आलं, आणि कासव तिच्या तळव्यावर चढलं. बोटांत पुन्हा ऊब आली.

मागे काहीतरी तडकलं. दगडाची मुलगी पापण्या मिटत-उघडत होती.

"कासवाचं सुख आधी बघणारं कुणीतरी यायचं होतं," परी म्हणाली. "आता आम्ही दोघी सुटलो." ती सोनेरी झाली, मग नुसता उजेड झाली, आणि उजेडही विरून गेला.

"मला पारशेवडीला जायचंय," ती मुलगी म्हणाली. "आई वाट बघत असेल."

त्या नावाचं गाव बकुळाने कधीच ऐकलं नव्हतं. ते ती बोलली नाही. "आधी आमच्याकडे चल," म्हणत तिने मुलीचा गारठलेला हात धरला.

बाबा परतले तेव्हा दोन मुली चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

"ही कुणाची गं?" बाबांनी विचारलं.

"आपली," बकुळा म्हणाली.

बाबांनी आणखी एक ताट मांडलं.