चुन्याआडची भिंत

भाविकहो, त्या फाल्गुनात शांतवन महाराज प्रवरेकाठच्या बोरटेक गावी उतरले होते. गळ्यात वीणा, मुखी येशूनाम. गावात नव्या उपासनामंदिराचे काम उरकत आले होते. त्याचा पहिला कोपरा पक्क्या विटांनी उभारून गवंडी दानिएल वारला होता. त्याची विधवा रूथबाई आता त्याच मंदिराला चुना द्यायला आली, कमरेला नवऱ्याचा ओळंबा खोचून.

चुना कालवण्याआधी तिने सवयीने भिंतीवर ओळंबा सोडला. भिंत चार बोटे बाहेर कललेली. खरवडून पाहिले, तर विटा कच्च्या! पक्क्या विटा कुठे गेल्या हे सगळे गाव जाणून होते. मंडळीचे पंच शलमोन साळवे यांच्या घरावर नवा माळा चढला होता. आणि हंगामाच्या सणाला लेकरे याच भिंतीला टेकून बसणार होती. रूथबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चुना द्यायला साफ नकार दिला.

साळवे चारचौघांत हसले. "भिंत सरळच आहे रूथे, तुझी मान तेवढी वाकडी." त्यांनी दुसऱ्याकडून चुना फासून घेतला आणि तिला सणाला मंदिराची पायरी बंद केली.

रूथबाईने सारे महाराजांना सांगितले. महाराजांनी ओळंबा मागून घेतला.

सणाच्या दुपारी भरल्या सभेत महाराजांनी वीणा खाली ठेवली आणि ओळंबा उंच धरला. डोळे निखाऱ्यासारखे.

"देव आपल्या लोकांत ओळंबा धरून उभा राहील, हे संदेष्टे कधीच सांगून गेलेत," महाराज म्हणाले. "कच्च्या भिंतीला चुना फासता? तिच्यावर गारा येतील. लेकरं बाहेर काढा."

माणसे भराभर उठली, अंगणात सतरंज्या पसरून बसली. साळवे मात्र खुर्चीतून हलले नाहीत. एवढ्या उन्हात गारा कसल्या, म्हणाले. पडू दे ही भिंत एकदाची, असे बाहेर उभ्या रूथबाईच्या मनात येऊन गेले.

आणि आभाळ फाटले. लिंबाएवढ्या गारा! अंगण पांढरे झाले. पण सतरंज्यांच्या काठाच्या आत एकही गार पडली नाही. भिंत मात्र धडाडून कोसळली. आतून साळव्यांची हाक आली, "रूथे!"

रूथबाईचे पाऊल उचलेना. राग पायांत उतरला होता.

"न्याय झाला, बाई," महाराज हळूच म्हणाले. "आता तारण उरलंय. ते तुझ्या पायांनी आत जायचंय."

ती गारांत धावली. साळवे दानिएलच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. छपराचे आढे त्याच कोपऱ्यावर अडकून त्यांच्या डोक्यावर वीतभर उंच थांबले होते. दानिएल हयात नव्हता, पण त्याची वीट हलली नव्हती. रूथबाईने साळव्यांना दंडाला धरून ओढून काढले. ते काही बोलू लागले, तशी ती म्हणाली, "आधी विटा आणा."

साळव्यांनी माळा उतरवला. स्वतःच्या डोक्यावरून विटा वाहिल्या. पायाची पहिली वीट ठेवताना भर मंडळीसमोर ते रूथबाईच्या पायांशी वाकले आणि कितीतरी वेळ उठले नाहीत. महाराजांनी ओळंबा तिच्या हाती परत दिला. तिने दोरीचे टोक साळव्यांच्या मुठीत ठेवले.

"धरा," ती म्हणाली. "आणि हात हलू देऊ नका."