उकिरड्यावरची पाचवी लेक

भाविकहो, प्रभू ख्रिस्ताचे नाव रोमी साम्राज्यात अजून नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. सैन्यासाठी बांधलेल्या रस्त्यांवरून, व्यापाऱ्यांच्या आणि गुलामांच्या तोंडून ते गावोगाव पोहोचत होते. संत अरिस्तोन तेच नाव घेऊन आशिया प्रांतातल्या ओर्नास या डोंगराळ गावी येऊन राहिले. लोक त्यांना बाबा म्हणत. तीन वर्षांत त्यांच्या प्रार्थनेला जमणारी माणसे किती? अकरा! दुष्काळ पडल्यावर त्यांतलीही पाच निघून गेली.

उरलेल्यांत मिर्तो होती. एकेकाळची गुलाम, आता लोकर धुऊन पोट भरणारी. त्या मुलखात रीत अशी, की मूल जन्मले की ते बापाच्या पायाशी जमिनीवर ठेवायचे. बापाने उचलले तर ते घरचे; नाही उचलले तर वेशीबाहेरच्या उकिरड्यावर! मिर्तो ती मुले घरी आणी. पण दुष्काळात दूध कुठले? चार मुली आणल्या, चारही तिच्या मांडीवर गेल्या.

गावचा जमीनदार क्विंतस तिला भर बाजारात विचारी, "काय गं, आज देवानं काय धाडलं उकिरड्यावर?" आणि सारा बाजार खो खो हसे.

त्याच क्विंतसच्या घरी मुलगी झाली. त्याने तिच्याकडे धड पाहिलेही नाही. दुपारी मिर्तो तिला शालीत गुंडाळून बाबांच्या दारात आली, पण आत येईना.

"बाबा, पाचवा खड्डा माझ्याच्यानं खणवणार नाही. देव ऐकतो तरी का?"

बाबा संत होते, पण खोटा धीर देणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "मला ठाऊक नाही, पोरी," ते म्हणाले. "मीही रोज त्याला हेच विचारतो. चल, दूध मागून पाहू."

दोघे दारोदार फिरले. बापाने टाकलेल्या पोरीला पाजले तर आपल्या घरावर संकट येईल, या भीतीने बायांनी दारे लावून घेतली. शेवटी बाबा क्विंतसच्या मेंढवाड्यापाशी जाऊन उभे राहिले. शालीत कोण आहे, हे त्याने विचारलेही नाही.

"दूध हवंय?" तो हसला. "मग ही म्हातारी मेंढी न्या. आजवर एकदाही व्यायली नाही. तुमच्या देवाला सांगा, पिळून बघ म्हणावं!"

बाबांनी मान खाली घालून मेंढी आणली. मुलीला आता रडवतही नव्हते. मिर्तोने तिला कासेला लावले ते काही आशेने नव्हे. दुसरे करण्यासारखे काही उरले नव्हते म्हणून. बाबा गुडघ्यांवर बसले, पण प्रार्थनेला शब्दच सुचेनात. आणि मेंढीने मान वळवून ते इवलेसे डोके चाटले. मुलीचा गळा हलला. दूध! कधी न व्यालेल्या मेंढीला दूध! पण मिर्तोला हसू आले नाही. "चौघींच्या वेळी का नाही आलं?" एवढेच ती म्हणत राहिली.

संध्याकाळी बातमी ऐकून क्विंतस तणतणत आला. "मेंढी बदलली असणार!" त्याने मेंढीचा कान पाहिला. कातरलेली खूण त्याच्याच कळपाची होती. सड धरला, तर बोटे दुधाने भिजली. त्याचा आवाज खाली आला.

"हे मूल कुणाचं?"

"तुमचंच, मालक," मिर्तो म्हणाली. "आज सकाळचं. गेल्या वर्षीचंही मीच आणलं होतं. ते तीन दिवस जगलं."

क्विंतस बाबांच्या पाया पडायला वाकला, तर बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या नको. तिच्या पड." आणि गावाचा जमीनदार एका लोकर धुणारीच्या पायांवर कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडला. मिर्तोने त्याला उठवले नाही. क्षमा करण्याचे बळ त्या घडीला तिच्याजवळ नव्हते, आणि तिला दोष देणारे आपण कोण!

तेवढ्यात वेशीकडून बारीक रडणे ऐकू आले. आणखी एक मूल. मिर्तो भिंतीला धरून उठू लागली.

"तू बैस, बाई," क्विंतस म्हणाला, आणि उकिरड्याकडे धावत सुटला.