मोहरगावचे हललेले फोटो

मोहरगावच्या चावडीत शिरलात की डाव्या हाताच्या भिंतीवर दसऱ्याचे फोटो दिसतात. सरपंच आहेत, सभापती आहेत, दोन आमदार आणि एक मंत्रीसुद्धा आहेत. सगळ्यांचे हात रिकामे आणि चेहरे पुसट. पाहुणे हसतात, फोटोवाला नवशिका होता का म्हणून विचारतात. मग गावातले जुने जाणते दगडूतात्या त्यांना घोंगडीवर बसवतात आणि ही हकिकत सांगतात.

संस्थानचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. सुभानराव पाटील आणि तुळाजीराव हे सख्खे चुलतभाऊ. सुभानरावांना दरबारातून बंदूक मिळाली. त्या दसऱ्याला त्यांनी तालुक्याहून फोटोवाला आणवला, बंदूक धरून बायकापोरांसह फोटो काढला आणि चावडीत टांगला. लोक येता-जाता त्या फोटोलाच रामराम घालू लागले म्हणे. वर्ष सरायच्या आत सुभानराव लोकल बोर्डावर निवडून गेले.

तुळाजीरावांच्या पोटात दुखू लागले. चावडी टाळायला ते ओढ्याकडून फेरा घालून रानात जात. बंदुकीचे एकवेळ ठीक, पण फोटोतल्या सुभानरावांच्या मिशीचासुद्धा त्यांना हेवा वाटे. एकाच आज्याची नातवंडे, मग सगळा मान त्यालाच का? हा एकच प्रश्न त्यांना घास गिळू देईना.

पुढच्या खेपेला बोर्डावर आपणच जायचे, असे ठरवून त्यांनी घरची घोडी विकली आणि ठासणीच्या चार बंदुका आणल्या. एक स्वतःला, एक बायकोला, एक म्हाताऱ्या आईला आणि चौथी सात वर्षांच्या गोदीला.

त्यांची बायको सारजाबाई म्हणाली, "अवो, पोरीपरीस बंदूक उंच हाय. तिच्या हातात आपट्याची पानं द्या की."

"त्या फोटोत पाटलाच्या पोरीच्या हातात पानंच हायती," तुळाजीराव म्हणाले. बोलणे तिथेच संपले.

गावची रीत अशी होती की कुणाकडे बंदूक असली तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती रिकामी करायची. भरलेली राहायची ती फक्त पाटलांची, कारण देवीची पालखी उठताना तिचा बार व्हायचा. तुळाजीरावांनी चारही बंदुका दारूगोळा ठासून भरून ठेवल्या. पाटलाचा एक बार झाला की आपले चार उडवायचे, असा त्यांचा बेत होता.

दसऱ्याला अंगणात सगळे उभे राहिले. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोके घातले, भिंगाचे झाकण काढले आणि मी सांगेपर्यंत हलू नका म्हणाला. तुळाजीरावांनी लेकीला दम भरला, "हललीस तर याद राख." तेवढ्यात पालखी उठली आणि देवळापुढे पाटलांचा बार झाला. पोर दचकली. बंदूक हातून निसटली, दस्ता फरशीवर आपटला आणि गोळी तिच्याच छातीत गेली.

सुभानराव घोड्यावरून दौडत आले. त्यांनी पोरीला पुढ्यात घेतले आणि तीन कोसांवरच्या दवाखान्याकडे टाच मारली. तुळाजीराव मागून अनवाणी पळत होते. पळतानाही त्यांच्या मनात आले, असे सांगतात, की माझी पोर, आणि तीही त्याच्याच घोड्यावर.

गोदी वाटेतच गेली.

तेराव्यानंतर फोटो आला. सगळ्यांचे चेहरे लख्ख, बंदुका त्याहून लख्ख, आणि गोदीच्या जागी नुसता धुरकट डाग. तो फोटो घेऊन तुळाजीराव कित्येक वर्षांनी पाटलांची पायरी चढले.

"शेवटाला तू तिच्यापाशी हुतास, मी न्हवतो," ते म्हणाले. "ह्याचा हेवा मरस्तवर जायचा न्हाई. काय म्हणली ती?"

सुभानरावांनी फोटोतल्या त्या डागावर बोट ठेवले.

"म्हणली, काका, मी हलले. आबास्नी सांगू नगा."

त्या दिवशी पाची बंदुका ओढ्याच्या डोहात गेल्या, म्हणे. सुभानरावांनी चावडीतला आपला फोटो उतरवला. तुळाजीराव पुन्हा बोर्डाचे नाव काढेनात. दोघांनी देवीपुढे भंडारा उचलून शपथ घेतली, की या गावात सणाच्या फोटोत हत्यार येणार नाही आणि कुणी ताठ उभे राहणार नाही.

आजही दसऱ्याला पुढारी कितीही मोठा असो, मोहरगावात फोटोला तो रिकाम्या हाताने उभा राहतो आणि मान हलवतो. न हलणाऱ्याचा फोटो चावडीत लागत नाही. पुढच्या रांगेत लहान पोरी असतात. फोटो निघायच्या आधी दगडूतात्या त्यांच्यापाशी वाकतात आणि एकेकीला सांगतात, "हल बाय, कुणी रागवत न्हाई."