तिसऱ्या तारेचा हट्ट

दुसऱ्याच्या हातून सूर नीट लागला की ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांनीच जगातलं निम्मं संगीत मारलं आहे. पटत नसेल तर ऐका.

पार जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका राज्यात ल्यूट हे फुगीर पाठीचं तंतुवाद्य वाजवणारं कुणीच उरलं नव्हतं. म्हाताऱ्या राजमातेला मात्र डोळे मिटण्याआधी एकदा आपल्या आईची ल्यूटवरची धून ऐकायची होती. धुनेचा कागद होता, पण त्यावर सूर नव्हते. नुसत्या सहा ओळी आणि त्यांवर विखुरलेली अक्षरं.

दरबारच्या मुख्य गिटारवादकाने कागद परत केला. "मुंग्या सोडल्यात कुणीतरी," तो हसला.

त्याच्याच हाताखालच्या एका मुलीने तो वाचला. ओळी म्हणजे तारा, अक्षरं म्हणजे वाद्याच्या दांडीवरचे आडवे पडदे. कागद फक्त बोटांच्या जागा सांगत होता. ती बागेत गिटारवर ते वाजवू लागली आणि माळी खुरपं खाली ठेवून ऐकत बसला.

मुख्य वादकाला घास गोड लागेना. त्याच्यासाठी कधी कुणी खुरपं खाली ठेवलं होतं?

"आण तो कागद," तो म्हणाला. "राजमातेसमोर मी वाजवणार."

"वाजवा ना, दादा. त्यांना ऐकायला मिळाल्याशी कारण." तिने ओळी, अक्षरं सगळं समजावलं. "फक्त आधी तिसरी तार..."

"पुरे! तू पाळण्यात होतीस तेव्हापासून तारा छेडतोय मी."

दरबार भरला. गिटारवर मुख्य वादकाची बोटं अचूक पडत होती, पण धून वेडीवाकडी निघत होती. मुलगी पुढे सरकून कुजबुजली, "दादा, ल्यूटची तिसरी तार गिटारपेक्षा अर्ध्या सुराने उतरलेली असते. खुंटी थोडी सैल करा, लगेच जमेल."

त्याचा हात खुंटीकडे गेला. पण सगळा दरबार तिच्याकडे बघत होता. म्हणजे वाहवा हिचीच! त्याने हात मागे घेतला आणि तेच बेसूर आणखी जोरात वाजवलं.

"थांबवा," राजमाता उठल्या.

"आईसाहेब, एकदा मी वाजवू?" मुलीने विचारलं.

"नको गं. आता कुणाच्याच हातून नको."

मत्सर दुसऱ्याचा मान हिरावायला निघतो आणि तिसऱ्याच कुणाचं तरी सुख मारून येतो.

राजमातेला महालात पोचवून आलेली दासी दाराशी म्हणाली, "सकाळपर्यंत आईची ती धून गुणगुणत होत्या हो. आता म्हणतात, चालच आठवत नाही."