सुगरणीची जुनी गाठ

एका जंगलात एक सुगरण राहत असे. बाभळीवरच्या तिच्या घरट्यातून साऱ्या जंगलाचे टपाल जाई. प्राणी काट्याने पानावर मजकूर कोरत, सुगरण त्या पानाची पुडी करून गवताच्या काडीने गाठ मारी आणि पारवे ती पोचवीत. गाठ सोडवण्याची खूण ज्याचे पत्र त्यालाच ठाऊक. दुसऱ्या कोणी ओढाताण केली, तर आतल्या पानाचा चुरा होई. वाटेत एखादी पुडी पडली, की कोल्हा ती उचलून गुहेत नेई आणि कधीतरी सुटेल म्हणून जपून ठेवी. सुगरणीने हे कितीदा तरी पाहिले होते. पण पत्र हरवल्याची तक्रार आली, की ती एवढेच म्हणे, "वाऱ्याने पडलं असेल, दुसरं लिहा."

एके दिवशी म्हातारा कोळी जाळ्यातून खाली उतरला. "सुगरणबाई, डोंगरापलीकडे एक वानर आहे. त्याची बोटं गाठींवर भलतीच चालतात. आज त्याला तुमची गाठ सुटत नाही, पण उद्या सुटेल. मी नवी गाठ शिकवतो. काडी जास्त लागेल, वेळही लागेल." सुगरणीला राग आला. माश्या पकडणाऱ्याने तिला गाठ शिकवावी? "उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. "माझी गाठ सोडवायला कोल्ह्याला सात जन्म लागतील. आणि रोजच्या ख्यालीखुशालीच्या पत्रांना एवढा थाट कशाला?"

दोन उन्हाळे गेले आणि वानर आले. कोल्ह्याने त्याला जांभळांची लालूच दाखवली. वानराने गुहेतल्या सगळ्या पुड्या शेंगा सोलाव्यात तशा सोडवून दिल्या. त्यातल्या एकीत सशिणीने बहिणीला लिहिले होते, "बिळाचं मागचं दार करवंदीच्या जाळीत आहे. कोणाला सांगू नकोस." दुसऱ्या दिवशी कोल्हा थेट त्या जाळीत दबा धरून बसला. सशिणीची तीन पिल्ले वाचली, चौथे वाचले नाही.

सुगरण बिळाशी गेली. तिची मान वर होईना. "कोळ्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चुकलं माझं," ती म्हणाली. सशीण म्हणाली, "गाठ कच्ची निघाली, ते एक वेळ विसरेन. पण कोल्हा पुड्या नेतोय हे तू बघत होतीस ना? मग वाऱ्याचं नाव का सांगितलंस? कळलं असतं, तर मी बीळ बदललं असतं." मुलांनो, सशिणीने चार शिव्या घातल्या असत्या तर सुगरणीला बरे वाटले असते, इतकी ती शरमली.

त्याच दिवशी ती कोळ्याकडून नवी गाठ शिकली. मग दारोदार फिरून सांगू लागली, "तुमची जुनी पत्रं कोल्ह्याकडे आहेत. त्यात जे लिहिलं होतं, ते बदला." प्रत्येक दारी तिला एकच प्रश्न आला, "तुला कधीपासून ठाऊक होतं?" आणि प्रत्येक दारी तिला खरे सांगावे लागले.

तात्पर्य : गुपित चोरणारा वाट पाहू शकतो, म्हणून कुलूप फुटण्याआधीच बदलावे, आणि दिसलेला धोका आपल्या मानापायी झाकून ठेवू नये.