चार बोटं वाळू

समुद्रकाठच्या एका राज्यात एक सेवक होता. कुणालाही दुखवणं त्याला जमायचंच नाही. लोक त्याला सज्जन म्हणत, आणि राजवाड्यात तर अशा माणसाला फारच भाव.

राजाने दिवाणखान्यात काचेचा हौद करवून घेतला आणि त्यात समुद्राचं पाणी भरलं. एका म्हाताऱ्या कोळणीने त्यासाठी पिवळाधमक मासा आणून दिला. हा मासा दिवसभर मिरवायचा आणि दिवेलागणीला वाळूत शिरून झोपायचा. हौद सेवकाच्या हवाली झाला. प्रश्न उरला तो तळाच्या वाळूचा.

"वीतभर टाक," राजा म्हणाला. "त्याला झोपायला जागा नको?"

"दोन बोटं पुरे," राणी म्हणाली. "जास्त वाळू धुणार कोण? हा मासा समुद्रात सोडा आणि वाळूत न शिरणारा आणा."

दोघंही हट्टाला पेटली. शेवटी राजा सेवकाला म्हणाला, "तूच ठरव. तू म्हणशील ते आम्हाला मान्य."

सेवकाने कोळणीला गाठलं.

"हे बघ बाबा," ती म्हणाली, "दोन बोटं वाळू रोज साफ करता येते. वीतभर असली तर ती आपली घाण आपणच जिरवते, तिला हात लावायचा नाय. दोन्हीतलं कायपण एक कर. मधलं मात्र नको. मधली वाळू धड धुता येत नाय, न् घाणही जिरवत नाय."

सेवकाला ते पटलं. पण एकाचं ऐकावं तर दुसरं रुसणार! त्याने चार बोटं वाळू टाकली.

"थोडं महाराजांचं, थोडं राणीसाहेबांचं," तो हात जोडून म्हणाला. दोघंही खूश झाली आणि सेवकाला शाल मिळाली.

मासा वाळूत शिरू लागला, पण मावेना. डोकं आत, शेपटी बाहेर. धडपडून धडपडून त्याचं अंग सोलवटलं. खालची वाळू काळी पडत चालली. सेवकाला सगळं दिसत होतं. अजूनही वाळू वाढवता आली असती, मासा समुद्रात सोडता आला असता. पण मग दोघांपैकी एकाची नाराजी पत्करावी लागली असती. तो रोज काच तेवढी लखलखीत पुसत राहिला.

नवव्या दिवशी मासा उलटा तरंगला.

"मी वीतभर म्हणालो होतो!" राजा कडाडला.

"मी दोन बोटं म्हणाले होते!" राणी कडाडली.

दोघंही खरंच बोलत होती. पण सेवकाला शिक्षा झाली नाही. इतक्या गोड माणसाला कोण शिक्षा करणार? त्याला फक्त दुसरा मासा आणायला पाठवलं.

सेवक मेलेला मासा घेऊन कोळणीच्या दारी गेला. तिने तो ओंजळीत घेतला. सोललेल्या अंगावरून तिने बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले.

"राजाराणीला ठाऊक नव्हतं रे," ती म्हणाली. "तुला होतं."

आणि तिने दार लावून घेतलं.

तात्पर्य: खरं ठाऊक असूनही जो सगळ्यांची मनं राखतो, त्याच्या चांगुलपणाची किंमत ज्याला बोलता येत नाही तो मोजतो.